किरणोत्सारी आयन-बीमवर काम सुरू करताय? आधी लेसर बंद करून बघा

आयसॉल पद्धत तुम्हाला ठाऊक आहे असं धरते. जाड टार्गेटवर प्रोटॉन मारायचे, तयार झालेले अणू तापलेल्या टार्गेटमधून बाहेर पाझरले की त्यांचे आयन करायचे आणि चुंबकाने वेगळे काढायचे. या ‘वेगळे काढायचे’वरच मी फसले.

मला झिंक-80 (वस्तुमान 80 असलेलं जस्ताचं समस्थानिक) हवं होतं. युरेनियम कार्बाइडचं टार्गेट 2000 अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेलं, झिंकचे आयन करायला लेसर चालू, चुंबक 80 या वस्तुमानावर लावलेला. रात्रपाळीत फॅरेडे कपचा (बीमचा विद्युतप्रवाह मोजणाऱ्या उपकरणाचा) करंट चढला आणि मी वहीत झिंकचं यील्ड, म्हणजे सेकंदाला किती आयन मिळाले तो आकडा, लिहून मोकळी झाले. दोन दिवसांनी एका अनुभवी तंत्रज्ञांनी विचारलं, “लेसर बंद करून पाहिलंस का?” बंद केला. आकडा जागचा हलला नाही. दोन दिवस मी रुबिडियम मोजत होते.

हे नीट समजून घ्या, कारण वर्गात यावर अर्धं मिनिटही जात नाही. चुंबकाला मूलद्रव्य कळत नाही, त्याला वस्तुमान आणि प्रभार यांचं गुणोत्तर कळतं. रुबिडियमचा इलेक्ट्रॉन 4.18 इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये सुटतो, म्हणून तापलेल्या धातूच्या नळीला टेकलं तरी त्याचं आयन होतं. झिंकला 9.39 लागतात, त्याला लेसरच हवा. शिवाय रुबिडियम-80 चं अर्धायुष्य सुमारे 33 सेकंद, त्याला बाहेर पडायची घाई नाही. झिंक-80 चं जेमतेम अर्धा सेकंद, त्यातलं बरंचसं टार्गेटमध्येच संपतं. दोघांना वेगळं करायला सुमारे 3,600 विभेदनक्षमता (जवळजवळची वस्तुमानं वेगळी करण्याची क्षमता) लागते. चांगल्या सेपरेटरला ती जमते, पण रुबिडियम हजारपट असेल तर त्याच्या शिखराची शेपटी झिंकवर येऊन पडतेच.

यावरचे उपाय मला फार आवडतात. प्रोटॉन थेट युरेनियमवर न मारता शेजारच्या टंगस्टनच्या कांडीवर मारतात. तिच्यातून निघालेल्या न्यूट्रॉनमुळे युरेनियमचं विखंडन होतं, झिंक-80 मिळतं, पण न्यूट्रॉनची कमतरता असलेलं रुबिडियम-80 फारसं तयारच होत नाही. वर वाटेत क्वार्ट्‌झची नळी ठेवली की रुबिडियम तिला चिकटून राहतं आणि झिंक पुढे जातं. सर्नच्या आयसोल्डेत हे दोन्ही वापरतात.

वेगवान जड आयन फोडून उडत्या उडत्या तुकडे निवडण्याची पद्धत वेगळी. जपानच्या रायकेन संस्थेत किंवा 2022 पासून चालू असलेल्या अमेरिकेच्या एफरिब (FRIB) या प्रयोगशाळेत केंद्रक मायक्रोसेकंदात पोचतं, रसायनशास्त्र आड येत नाही. पण तिथेही भेसळ असते. एकेका आयनाची ओळख उड्डाणकाळ आणि ऊर्जाऱ्हास मोजूनच पटवावी लागते.

यील्डच्या तक्त्यातला आकडा जसाच्या तसा प्रस्तावात टाकणाऱ्यांचा मला राग येतो. तो आकडा त्या टार्गेटचा, त्या दिवसाचा असतो. आणि मार्गदर्शक निवडताना त्यांचे शोधनिबंध मोजू नका, ते रात्री कंट्रोल रूममध्ये येतात का ते विचारा.

घाबरू नका, ही चूक पकडायला दहा मिनिटं पुरतात. लेसर चालू, लेसर बंद, दोन्ही आकडे वहीत. मग बीम थोडा वेळ टेपवर (आयन गोळा करणाऱ्या पट्टीवर) पाडा, थांबवा आणि बीटा-क्षय बघा. मोजणी सेकंदभरात निम्म्याच्या खाली आली तर झिंक. अर्ध्या मिनिटानंतरही निम्मी टिकून असेल तर टार्गेटवाल्यांना फोन करा, पहाटेचे चार वाजले असले तरी.