जपानी टाइप करण्यासाठी घरचा संगणक तयार करताना

जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेत दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडायचं असतं, स्वतःहून एक वाक्यही लिहावं लागत नाही. त्यामुळे वरची पातळी पास झालेली मुलंसुद्धा पहिल्या नोकरीत दोन ओळींच्या मेलपाशी अडतात. पुण्यात भाषांतराचं काम करताना हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता सगळ्यांना एकच सांगते: हिरागाना, म्हणजे जपानीची पहिली अक्षरमाला, पाठ झाली की त्याच आठवड्यात घरचा संगणक तयार करून घ्या.

त्यासाठी नवा कीबोर्ड विकत घेऊ नका. जपानमध्येही बहुतेक लोक रोमन अक्षरांतूनच टाइप करतात, म्हणजे तुमचा आहे तोच कीबोर्ड पुरतो. नेट चालू आहे ना बघा, कारण काही फाइल्स उतरवाव्या लागतात. मग विंडोजच्या सेटिंग्जमध्ये वेळ आणि भाषेच्या विभागात जाऊन जपानी भाषा जोडा. जोडताना ‘ही विंडोजची भाषा करा’ अशा अर्थाची एक चौकट दिसेल, तिच्यावर खूण नको. नाहीतर सगळे मेनू जपानीत येतील आणि घरातल्या बाकीच्यांची पंचाईत होईल. मॅकवर कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये इनपुट सोर्स म्हणून ‘जपानी, रोमाजी’ निवडलं की झालं. लिनक्सवाल्यांनी मोझ्क घ्यावं. गूगलच्या जपानी इनपुटचंच ते मुक्त रूप आहे.

यानंतरची तपासणी बहुतेक जण विसरतात. नोटपॅड उघडा, जपानी निवडा आणि शिफ्ट धरून दोनचा आकडा दाबा. मेलच्या पत्त्यातलं ‘ॲट’ उमटायच्या जागी दुहेरी अवतरणचिन्ह उमटलं, तर संगणक तुमच्या कीबोर्डला जपानी कीबोर्ड समजतोय. जपानी भाषेच्या पर्यायांत हार्डवेअर कीबोर्डची मांडणी असते. तिथे इंग्रजी १०१/१०२ निवडा आणि संगणक पुन्हा सुरू करा. माझा अख्खा एक दिवस ‘पासवर्ड चुकीचा आहे’ एवढंच वाचण्यात गेला होता. पासवर्ड बरोबर होता, त्यातलं ‘ॲट’ तेवढं चुकीचं उमटत होतं.

भाषा बदलायला विंडोजचं बटण धरून स्पेसबार दाबायचा. मराठी, इंग्रजी आणि जपानी अशा तिन्ही भाषा असतील तर त्या पाळीपाळीने येतात. जपानीत असतानाच रोमन अक्षरं हवी असतील तर ऑल्ट धरून एकच्या डावीकडचं बटण दाबा. टास्कबारवर हिरागानातला ‘आ’ दिसतोय की रोमन ‘ए’, यावर नजर ठेवायची सवय लावा.

आता बोटांची तयारी. खरी मेहनत इथेच आहे, कारण संगणकाला तुमचा उच्चार ऐकू येत नाही, तो ‘काना’तलं, म्हणजे हिरागाना-काताकाना या अक्षरमालांतलं, लेखन मागतो. आपल्याकडे दीर्घ स्वर एका वेलांटीने किंवा मात्रेने दाखवता येतो, तिथे त्यासाठी आणखी एक अक्षर लागतं. ओ-बी-ए-एस-ए-एन म्हणजे मावशी किंवा काकू, आणि बीनंतर ए दोनदा दाबलात तर आजी. आपण ‘टोकियो’ म्हणून मोकळे होतो, पण टाइप करायचं टी-ओ-यू-के-वाय-ओ-यू. जोडाक्षर मात्र आपल्याला सोपं जातं. रोमनमधून ‘पत्ता’ लिहिताना टी दोनदा दाबतो तसंच ‘कित्ते’ला, म्हणजे पोस्टाच्या तिकिटाला, टी दोनदा.

अनुस्वारासारख्या ‘न्’साठी एन दोनदा दाबायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. के-आय-एन-ई-एन-एन लिहिलं तर ‘किनेन’, म्हणजे स्मृती. मधला एन दोनदा आला की ‘किन्एन’, म्हणजे धूम्रपान मना. ‘कोन्निचिवा’त तर सलग तीन एन लागतात, आणि शेवटचा ‘वा’ एच-ए असा लिहायचा, कारण ते विभक्तीसारखं येणारं अक्षर ‘हा’ लिहून ‘वा’ वाचतात. काताकानातला, म्हणजे परदेशी शब्दांसाठीच्या अक्षरमालेतला, लांब स्वर हवा असेल तर वजाच्या खुणेचं बटण.

हिरागाना उमटली की स्पेसबारने कांजी, म्हणजे चिनी चित्राक्षरं, येते, एंटरने पक्की होते. ‘हाशि’ लिहून स्पेसबार दाबा: पूल, जेवायच्या काड्या आणि काठ, तिन्ही यादीत दिसतील. वाक्य चुकीच्या जागी तुटलं असेल तर पुसू नका. शिफ्ट धरून बाणाच्या बटणाने तुकडा लहानमोठा करता येतो. हे शिकायला दहा मिनिटं लागतात आणि त्याचा उपयोग जन्मभर होतो. एफ-सातने सगळं काताकानात जातं, लॅपटॉपवर कदाचित सोबत एफएन दाबावं लागेल. १९७८ साली तोशिबाने ‘काना’ची कांजी करून देणारा पहिला जपानी वर्ड प्रोसेसर जाहीर केला तेव्हा त्याची किंमत ६३ लाख येन होती, आणि आज तीच सोय आपल्या घरात फुकट आहे, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

फॉन्टकडेही लक्ष द्या. पडद्यावरच्या नेहमीच्या गॉथिक फॉन्टमध्ये ‘सा’ आणि ‘की’च्या रेघा जोडलेल्या दिसतात, हाताने लिहिताना त्या सुट्या लिहायला शिकवतात. वहीत उतरवून घ्यायचं असेल तर क्योकाशो, म्हणजे पाठ्यपुस्तकी फॉन्ट निवडा.

आपलं नाव काताकानात कसं लिहायचं ते शिक्षकांना विचारून एकदाच ठरवा आणि आयएमईच्या, म्हणजे जपानी टाइप करून देणाऱ्या प्रोग्रामच्या, शब्दकोशात घालून ठेवा. देशपांडे आडनावाचे तीन कागदांवर तीन अवतार झालेले मी पाहिलेत. ऑनलाइन अर्ज भरताना फोन नंबर नाकारला गेला, तर आकडे रुंद जपानी पद्धतीचे पडले असतील. रोमनवर जाऊन पुन्हा टाका.

शेवटी एक जुनं वाक्य टाइप करून बघा: ‘किशा नो किशा वा किशा दे किशा शिता’. म्हणजे, तुमच्या कंपनीचा वार्ताहर आगगाडीने कंपनीत परतला. चारही ‘किशा’ वेगवेगळ्या कांजीत यायला हवेत. एखादा चुकला तर यादीतून योग्य तो निवडून एंटर दाबा आणि तेच वाक्य पुन्हा लिहा. तुम्ही निवडलेला शब्द आता बहुधा सगळ्यांत वर येईल.