टीव्हीवर छायाचित्रे सुस्पष्ट दिसण्यासाठी
चवथीला घरी जमलेल्या मंडळींना गतवर्षीच्या माटोळीची (गणपतीच्या वर बांधलेल्या फळा-फुलांच्या आराशीची) छायाचित्रे टीव्हीवर दाखवायची असतील, तर ती कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटातून उतरवून घेऊ नयेत. तेथे छायाचित्र पाठवताना आकुंचित होते आणि फोनवर न जाणवणारा धूसरपणा मोठ्या पडद्यावर सुपारीच्या घोसांत, रानफळांत लगेच उघडा पडतो. मूळ फाइल फोनमधून थेट पेनड्राइव्हवर घ्यावी, अथवा व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावी.

फुल एचडी पडद्यावर १९२० × १०८० आणि फोर-के पडद्यावर ३८४० × २१६० बिंदू (पिक्सेल) असतात. म्हणून फोर-के टीव्हीसाठी स्लाइडशोचा व्हिडिओ १०८० मध्ये तयार केल्यास पडद्याच्या क्षमतेचा केवळ चौथा हिस्सा वापरला जातो. छायाचित्र हळूहळू जवळ येण्याचा परिणाम द्यायचा असेल, तर मूळ चित्र याहूनही मोठे हवे. (माझ्या मते तो परिणाम टाळलेलाच बरा.)

लॅपटॉप एचडीएमआय केबलने जोडल्यावर कडा कापल्या जात असतील, तर टीव्ही चित्र ताणून दाखवत आहे असे समजावे व ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ हा पर्याय निवडावा. ‘शार्पनेस’ मात्र वाढवू नये. त्याने तपशील वाढत नाही, कडांभोवती पांढरट रेघा तेवढ्या उमटतात.