न्यूट्रल म्हणजे मोरी नव्हे : वायरिंगमधल्या या चुका टाळा

कोयनेचं पाणी डोंगराच्या पोटातून पोफळीच्या वीजघरात उतरतं, चाकं फिरवतं आणि पुढे वाशिष्ठीला मिळतं. पाणी खरंच असं वाहतं. पण आपल्याकडे बहुतेकांच्या डोक्यात वीजही अशीच वाहते. फेजमधून ताजी वीज येते, बल्ब ती खातो आणि उरलीसुरली न्यूट्रलमधून निघून जाते, असं हे चित्र. चिपळूण, गुहागर, दापोली या भागात मी सव्वीस वर्षं वायरिंगची कामं करतोय. समोर आलेल्या चुकांपैकी निम्म्याहून जास्त या एका चित्रातून निघालेल्या आहेत.

दापोलीकडच्या एका आगरात मला बोलावलं होतं. घरापासून विहीर नव्वद मीटर, विहिरीवर एक एचपीचा पंप. काका वैतागलेले. "अरे, दोनदा मोटर भरून आणली, कपॅसिटर तीनदा बदलला. सकाळी उचलते, संध्याकाळी नुसती घूंऽ करत बसते. सुपाऱ्या वाळायला लागल्या माझ्या." मी आधी मोटर उघडली नाही, वायर बघत बघत विहिरीपर्यंत चालत गेलो. फेजला चार स्क्वेअरची (म्हणजे चार चौरस मिलिमीटर जाडीची) तांब्याची वायर होती आणि न्यूट्रलला एक स्क्वेअरची. काम केलेला मुलगा गावातलाच होता, त्याला बोलावून घेतलं. तो म्हणाला, "दादा, न्यूट्रलमधून येतंय काय? नुसतं परत जातंय. त्याला कशाला जाड वायर? काकांचे पैसे वाचवले."

त्याची नियत साफ होती, चित्र चुकीचं होतं. जेवढा करंट फेजमधून जातो तेवढाच, अगदी तेवढाच, न्यूट्रलमधून येतो. मोटर करंट खात नाही. आता हिशोब बघा. चार स्क्वेअर तांब्याचा रोध किलोमीटरला साधारण ४.६ ओहम, एक स्क्वेअरचा १८ ओहम. नव्वद मीटरला फेजमध्ये ०.४ ओहम आणि न्यूट्रलमध्ये १.६, मिळून दोन ओहम. चालू मोटर सहा अँपिअर घेते, तेव्हा बारा व्होल्ट गळतात, ते चालून जातं. पण सुरू होताना मोटर पाचपट करंट मागते, व्होल्टेज पडल्यामुळे तेवढा तिला मिळत नाही. संध्याकाळी त्या वाडीत लाइनच २०० व्होल्टची. मग मोटरच्या हाताशी १६० च्या आसपास उरतात आणि सुरू व्हायचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने कमी होतो, म्हणजे निम्म्याहून खाली. मोटर घूं करणार नाही तर काय करणार? न्यूट्रल चार स्क्वेअरची टाकली आणि त्याच संध्याकाळी पंपाने पाणी उचललं. दोन वेळा मोटर भरायला घातलेले पैसे त्या एका वायरीच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त होते.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच मापाच्या वायरीतून कापायच्या आणि व्होल्टेज मोजायचा तो पंपाच्या टर्मिनलवर, मोटर उचलत असताना. रिकाम्या लाइनवरचा आकडा मी वहीत लिहीतच नाही.

त्या मुलाला मी विहिरीच्या कठड्यावर बसवून जे सांगितलं ते इथेही सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पाठ केलेले नियम टिकत नाहीत. दीड स्क्वेअरच्या वायरीतून पाच अँपिअर जात असतील तर आतले इलेक्ट्रॉन सेकंदाला साधारण पाव मिलिमीटर सरकतात. मुंगीही त्यांना मागे टाकेल. शिवाय आपला सप्लाय ५० हर्ट्झचा. सेकंदाला शंभर वेळा दिशा उलटते, त्यामुळे ते सरकतही नाहीत, मिलिमीटरच्या एक-दोन हजाराव्या भागात जागच्या जागी थरथरतात. पोफळीहून निघालेला इलेक्ट्रॉन तुमच्या पडवीत कधीच येत नाही. वाडीच्या डीपीत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्ये, ११ हजार व्होल्टची कॉईल आणि घराकडे येणारी कॉईल, या दोन कॉइलींची तार एकमेकींना कुठेच जोडलेली नसते. तरी ऊर्जा इकडून तिकडे जाते. पाण्याच्या पाइपाच्या चित्रात हे कसं बसवणार?

याचं खरं चित्र १८८४ साली बर्मिंगहॅमचे भौतिकशास्त्रज्ञ जॉन हेन्री पॉइंटिंग यांनी मांडलं. दोन तारांमध्ये व्होल्टेज असला की त्यांच्या मधल्या जागेत विद्युत क्षेत्र असतं. तारांतून करंट गेला की त्यांच्याभोवती चुंबकीय क्षेत्र असतं. दोन्ही क्षेत्रं जिथे एकत्र असतात, तिथून ऊर्जा पुढे सरकते, म्हणजे तारेच्या आतून नव्हे, तारांच्या भोवतालच्या आणि मधल्या जागेतून. फेज आणि न्यूट्रल मिळून तिला वाट दाखवतात. याची एक खूण मला फार आवडते. तांबं तेच ठेवलं आणि भोवतालचं आवरण बदललं, तर वेग बदलतो. उघड्या तारांच्या लाइनवर तो जवळपास प्रकाशाइतका असतो, पण भरीव पॉलिथिन भरलेल्या टीव्हीच्या केबलमध्ये प्रकाशाच्या दोन-तृतीयांशावर येतो. ऊर्जा तांब्याच्या आतून धावत असती तर बाहेरच्या प्लास्टिकने तिला काय फरक पडला असता?

हल्ली दुसऱ्या टोकाची पोरंही भेटतात. दहा मिनिटांचा व्हिडिओ बघतात आणि म्हणतात, ऊर्जा तारेतून जातच नाही, मग जाड वायर हवी कशाला? पॉइंटिंग यांच्याच गणितात याचं उत्तर आहे. तारेला रोध असला की वाटेने जाणाऱ्या ऊर्जेतली थोडी बाजूने तारेत शिरते आणि तिची उष्णता होते. तार जितकी बारीक तितका तिचा वाटा मोठा. अर्धवट ऐकून पक्कड हातात घेणाऱ्यापेक्षा काहीच न ऐकलेला मदतनीस मला परवडतो, कारण तो निदान विचारतो.

दुसरी चूक टेस्टरची, आणि ही जिवावर बेतू शकते. गणपतीच्या आदल्या दिवशीची गोष्ट. चाकरमानी घर उघडायला आले तर एकही दिवा लागेना. प्लगच्या दोन्ही भोकांत टेस्टर मात्र लागत होता. घरातल्या मुलांनी निष्कर्ष काढला, "दोन्हीकडे फेज येतोय." मग एक जण बोर्ड खोलून उघड्या हाताने वायरी वेगळ्या करायला लागला होता. मी दारातूनच ओरडलो. मेन बंद केला, घरातली सगळी बटणं बंद करवली, सगळे प्लग काढले आणि मेन पुन्हा चालू केला. आता टेस्टर एकाच भोकात लागला. म्हणजे दुसरा फेज नव्हताच. न्यूट्रल मागे कुठेतरी तुटलेला होता आणि चालू ठेवलेल्या एका बल्बमधून फेज न्यूट्रलच्या तारेवर येऊन उभा होता. जोड सापडला मीटरजवळ. ॲल्युमिनियमची सर्व्हिस वायर तांब्याला नुसती पिळून, वर टेप गुंडाळलेली. टेप सोडली तर आत पांढरी भुकटी. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, चार महिने पावसात, असा जोड टिकतच नाही. तिथे बायमेटल लगच (ॲल्युमिनियम आणि तांबं जोडायचा खास तुकडा) लावा. आणि तुटलेला जोड खांबावर असेल तर शिडी लावू नका, ते वीज कंपनीच्या माणसाचं काम.

टेस्टर एवढंच सांगतो की या बिंदूवर व्होल्टेज आहे. ऊर्जा पोचेल की नाही हे तो सांगू शकत नाही, कारण त्याला लागणारा करंट नगण्य असतो आणि परतीची वाट तुमच्या अंगातून जाते. एकाच पाइपात चालू वायरीशेजारून दोन्ही टोकं सुटी असलेली वायर गेली असेल, तर तिच्यावरही टेस्टर मिणमिणतो आणि मल्टिमीटर साठ-सत्तर व्होल्ट दाखवतो. मधल्या प्लास्टिकमधून क्षेत्र पोचतं, म्हणून. त्या वायरीला बल्ब लावा, आकडा शून्यावर येतो. मी खिशात टेस्टर ठेवतो, पण निर्णय फेज आणि न्यूट्रलमध्ये लावलेल्या बल्बवर घेतो. टेस्टर लागला नाही म्हणून वायर मेली आहे असं तर कधीच धरत नाही. पावसाळ्यात कितीतरी टेस्टर आतून गंजून आंधळे झालेले असतात.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो.

क्लॅम्प मीटर (चिमट्यासारखा तारेभोवती लावून करंट मोजायचा मीटर) अख्ख्या केबलभोवती लावून "करंटच नाही" म्हणू नका. दोन तारांतले करंट उलट दिशेचे असतात, बाहेर त्यांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना मारतात. एकच तार सोडवून पकडा. आरसीसीबीही, म्हणजे करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच, याच तत्त्वावर चालतो. जाणारा आणि येणारा करंट यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो पडतो. तो वारंवार पडतो म्हणून बायपास करणाऱ्याला मी पुन्हा कामावर घेत नाही.

एक्स्टेंशनची गुंडाळी न सोडता त्यावर मोठा लोड टाकू नका. "गुंडाळलं की मॅग्नेट होतो" हे कारण खोटं आहे, आतले दोन करंट एकमेकांना रद्द करतात. खरं कारण एवढंच की उष्णतेला बाहेर पडायला जागा उरत नाही.

स्विच फेजवरच घ्या.

आणि न्यूट्रल गेला म्हणून अर्थिंगच्या वायरीवर दिवा लावू नका, रात्रीपुरताही नाही. आपल्या जांभ्याच्या जमिनीत मे महिन्यात ओल नसते, अर्थचा रोध भरपूर वाढलेला असतो. ऊर्जेची परतीची वाट अशा जमिनीतून काढली की अर्थिंगला जोडलेलं प्रत्येक धातूचं अंग, म्हणजे फ्रीजचं दार, मिक्सरचा सांगाडा, पंपाचा लोखंडी पाइप, व्होल्टेजवर येतं. विहिरीवर कळशी भरायला आलेल्या बाईचा हात नेमका त्या पाइपावर असतो.