शिकागोत तळ्याकाठची सायकल फेरी: म्युझियम कॅम्पस ते प्रॉमन्टरी पॉइंट

शिकागोचा लेकफ्रंट ट्रेल मिशिगन सरोवराच्या काठाने जवळजवळ 30 किलोमीटर जातो. उत्तरेला आर्डमोर ॲव्हेन्यूपासून दक्षिणेला 71व्या स्ट्रीटपर्यंत सगळी वाट पक्की आणि जवळपास सपाट आहे. आल्या-गेल्या पाहुण्याला लोक नेव्ही पिअर आणि ओक स्ट्रीट बीचकडे पाठवतात. नवशिक्याला किंवा बऱ्याच वर्षांनी सायकल हातात घेणाऱ्याला आम्ही तिकडे पाठवणार नाही. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी तिथे चालणारे, बाबागाड्या, सेल्फी काढणारे आणि भाड्याच्या चार चाकी सायकली सगळे एकाच ठिकाणी येतात. सोपी आणि खरोखर सुंदर फेरी हवी असेल तर दक्षिणेचा टप्पा घ्या: म्युझियम कॅम्पसपासून 55व्या स्ट्रीटवरच्या प्रॉमन्टरी पॉइंटपर्यंत. जाऊन-येऊन साधारण 16-17 किलोमीटर. ताशी 12 ते 14 च्या आरामशीर वेगाने सव्वा तास पेडल मारायचं, थांबे धरून अडीच-तीन तास हाताशी ठेवायचे.

हंगाम मे ते ऑक्टोबर. बीचवरची बहुतेक सोय मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारपर्यंतच असते. थंडीत पाण्याचे नळ बंद असतात आणि वाटेवर बर्फ धरतो.

निघण्याआधी: ब्रेक आणि सीट

भारतात सायकल चालवलेल्यांसाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ब्रेकची आहे. आपल्याकडे उजव्या हाताला बहुधा पुढचा ब्रेक असतो, मोटरसायकलसारखाच. अमेरिकेत उलट: उजवा हात मागच्या चाकाचा, डावा पुढच्या चाकाचा. हात जुन्या सवयीने चालतात. मागचा ब्रेक समजून डावी मूठ कचकन दाबली की पुढचं चाक जागच्या जागी अडकतं आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. म्हणून सायकल घेतल्यावर आधी तिच्या शेजारी उभे राहा. फक्त डावा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला: पुढचं चाक फिरणार नाही, मागचं थोडं उचललं जाईल. मग फक्त उजवा दाबून ढकला: पुढचं चाक फिरेल, मागचं फरफटेल. हे चार-पाच वेळा करा. नंतर मोकळ्या जागी दोन्ही ब्रेक एकदम, हळूहळू जोर वाढवत दाबून थांबायचा सराव करा. दोन्ही एकदम दाबायची सवय लागली की डावं-उजवं आठवत बसावं लागत नाही.

सीटची उंची: सीटवर बसा, पेडल पार खाली आणा, त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. चालवताना टाचेऐवजी चवडा पेडलवर येतो, मग गुडघ्यात हवा तेवढा बाक आपोआप मिळतो. दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकावेत म्हणून सीट खाली ठेवणारे खूप दिसतात. पाच-सहा किलोमीटरनंतर त्यांच्याच गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखायला लागतं.

हवा: टायरच्या कडेवर किमान-कमाल दाब छापलेला असतो. 35 ते 38 मिलिमीटर रुंदीच्या टायरला 50 ते 70 पीएसआय ठीक. हवा कमी असेल तर एखाद्या उंचवट्याच्या कडेवर ट्यूब रिम आणि टायरमध्ये चिमटली जाते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. भाड्याच्या सायकलला टायर अंगठ्याने जोरात दाबून बघा, जेमतेम दबला तर हवा पुरेशी आहे.

स्वतःची सायकल नसेल तर डिव्ही ही शहराची सायकल-सेवा आहे. शेड ॲक्वेरियम आणि फील्ड म्युझियमजवळ स्टँड आहेत, पॉइंटच्या बाजूलाही आहे. साधी सायकल तीन गिअरची, जडशीळ, पण वाट सपाट असल्याने चालून जाते. एकेका फेरीचे पैसे मोजण्यापेक्षा दिवसाचा पास बरा पडतो. त्यात साधी सायकल एका वेळी तीन तास ठेवता येते, पुढे ज्यादा आकार लागतो. ई-बाइकला पासवरही मिनिटागणिक पैसे पडतात, इथेच लोकांचं बिल फुगतं. सायकल परत लावताना स्टँडवरचा दिवा हिरवा झाल्याशिवाय तिथून हलू नका. नीट अडकली नाही तर मीटर चालूच राहतो.

वारा बघून दिशा ठरवा

इथे चढ नाही, जो काही चढ आहे तो वाऱ्याचाच. हवामानाच्या ॲपमध्ये वाऱ्याची जी दिशा दाखवतात ती तो *कुठून* येतो ती. दक्षिणेचा वारा असेल तर जाताना दम लागतो, येताना पाठीवर घेऊन येतो, म्हणजे बेत उत्तम. उत्तरेचा वारा असेल तर जाताना आपण फार जोरात आहोत असं वाटतं आणि परतताना पाय बोलायला लागतात. तेव्हा सरळ एकेरी फेरी करा: सायकलने दक्षिणेला जा आणि 55व्या-57व्या स्ट्रीटच्या स्टेशनवरून मेट्रा इलेक्ट्रिक लोकलने परत या. दक्षिणेचा वारा जोरात असेल तर नेमकं उलट करा: मिलेनियम स्टेशनवरून लोकलने 57व्याला उतरा आणि सायकलने उत्तरेकडे या. वारा पाठीवर, शहराच्या इमारती सतत समोर. सगळ्या पर्यायांत हा सर्वांत सोपा. लोकलमध्ये सायकल नेता येते, पण फार गर्दी असेल तर कंडक्टर थांबवू शकतो. डिव्हीची सायकल मात्र स्टँडलाच लावून लोकल पकडायची.

ईशान्येचा जोरदार वारा सुटला असेल तर फेरी पुढे ढकला. तळं म्हणून हलक्यात घेऊ नका. मिशिगन सरोवर सुमारे 58,000 चौरस किलोमीटरचं आहे, महाराष्ट्राच्या जवळजवळ पाचव्या हिश्शाएवढं, आणि लाटा समुद्रासारख्याच उठतात. त्या काठाच्या दगडांवर आदळून थेट वाटेवर येतात. शिवाय पाण्याकाठी शहरापेक्षा गार असतं. मे महिन्यात गावात टी-शर्टवर फिरता येत असलं तरी बॅगेत एक पातळ जॅकेट असू द्या.

वाटेवर

सीटीएच्या (शहराच्या बस आणि मेट्रो सेवेच्या) रेड, ऑरेंज किंवा ग्रीन लाइनने रूझवेल्ट स्टेशनला उतरून पूर्वेला सव्वा किलोमीटरच्या आसपास गेलं की म्युझियम कॅम्पस येतो. कामाच्या दिवशी सकाळी 7 ते 9 आणि संध्याकाळी 4 ते 6 या वेळात या गाड्यांत सायकल घेत नाहीत.

उजव्या बाजूने चालवा, डावीकडून पुढे जा, आणि पुढे जाण्याआधी मोठ्याने 'ऑन युअर लेफ्ट' म्हणा. घंटी असेल तर तीही वाजवा. 2018 पासून सायकल आणि पायी चालणाऱ्यांच्या वाटा वेगळ्या केल्या आहेत. पण दोन्ही एकमेकींना ओलांडतात तिथे, आणि प्रत्येक बीचच्या तोंडाशी, वेग कमी करा. मुलं मागे न बघता धावतात. फोटोसाठी थांबायचं तर आधी वाटेवरून पूर्ण बाजूला, गवतावर जा. इथले बहुतेक अपघात थांबलेल्या माणसाला मागून येणारा धडकल्यामुळे होतात असं आम्ही बघतो.

पहिले दोन-अडीच किलोमीटर फील्ड म्युझियम, सोल्जर फील्ड स्टेडियम आणि डावीकडे बर्नहॅम हार्बरमधल्या शिडाच्या होड्या. फुटबॉलची मॅच असलेल्या दिवशी हा भाग टाळा. पुढे मॅककॉर्मिक प्लेसची काळी, काचेची इमारत लागते. तिच्या काचांवर बारीक ठिपक्यांची नक्षी आहे, ती 2024 मध्ये स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांसाठी लावली. आदल्या ऑक्टोबरमध्ये एका रात्रीत हजाराच्या आसपास पक्षी या काचांवर आपटून मेले होते.

31व्या स्ट्रीटच्या बीचवर पहिला थांबा घ्या. इथे स्वच्छतागृह आणि पाणी आहे. बाटली इथेच भरा, पुढे सोयी विरळ होतात. लहान मुलं बरोबर असतील तर इथूनच परत फिरा, तेवढीही फेरी छान होते.

अंतर मोजायला सायकलला मीटर लागत नाही. 31व्या स्ट्रीटच्या दक्षिणेला दर आठ स्ट्रीटला एक मैल पडतो: 31 ते 39 एक मैल, 47 ला दोन, 55 ला तीन. मदतीसाठी 911 ला फोन करावा लागला तरी जवळच्या स्ट्रीटचा आकडाच सांगायचा असतो, म्हणून पुलांवरच्या आणि भुयारांवरच्या पाट्या वाचत जा. तळं आणि शहर यांच्यामध्ये डुसेबल लेक शोअर ड्राइव्ह हा मोठा रस्ता आहे. तो फक्त या पुलांवरून किंवा भुयारांतूनच ओलांडायचा, मधूनच कधीही नाही.

47 ते 51 या टप्प्यात मॉर्गन शोल नावाचा उथळ खडक किनाऱ्याला लागून आहे. 1914 मध्ये सिल्व्हर स्प्रे नावाची बोट त्यावर अडकून बुडाली. पाणी खाली असलं तर तिचा बॉयलर 49व्या स्ट्रीटसमोर वर आलेला दिसतो.

मग प्रॉमन्टरी पॉइंट. ट्रेल त्याच्या पश्चिम कडेने जातो, आत वळलं नाही तर हे ठिकाण चुकतं. आत गेल्यावर सायकल हाताने चालवत न्या. चुनखडीच्या प्रचंड शिळा पायऱ्यांसारख्या पाण्यात उतरतात, त्यांच्या कडा वेड्यावाकड्या आहेत आणि शेवाळ निसरडं. सायकल वर गवतावर ठेवून, कुलूप लावून मगच खाली बसा. पेडलला अडकणाऱ्या क्लिपच्या बुटांनी या दगडांवर उतरू नका. डबा खायला याहून चांगली जागा अख्ख्या ट्रेलवर नाही.

पाय ताजे असतील तर आणखी दीड-पावणेदोन किलोमीटरवर 63व्या स्ट्रीटचा बीच आहे. वाटेत 57 जवळ विज्ञान संग्रहालयाची इमारत दिसते. 1893 च्या जागतिक प्रदर्शनासाठी ती कलादालन म्हणून बांधली होती. त्याच वर्षी, त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत विवेकानंद बोलले, पण ती सभा इथे नव्हे, वर गावात आर्ट इन्स्टिट्यूटच्या इमारतीत झाली. बरेच जण दोन्ही एकच समजून इथे पाटी शोधतात.

चाक पंक्चर झालं तर एक सुटी ट्यूब, दोन टायर लिव्हर (टायर रिमवरून काढायच्या पट्ट्या) आणि छोटा पंप पुरतो. नवी ट्यूब बसवण्याआधी टायरच्या आतून बोटं जपून फिरवा. काच तिथेच रुतलेली असते, ती काढली नाही तर दुसरी ट्यूबही पाच मिनिटांत पंक्चर होते. हे जमत नसेल तर सायकल ढकलत जवळच्या पुलाने गावात शिरा. सीटीएच्या बसला पुढे दोन सायकलींचा रॅक असतो: ड्रायव्हरला हात करून सांगा, रॅक खाली ओढा, चाक खाचेत ठेवा आणि दांडा पुढच्या चाकावर ओढून घट्ट बसवा. उतरताना सायकल काढायची आहे हे ड्रायव्हरला पुढच्याच दाराने उतरून सांगायचं.