जलपर्णीवर काम करायचंय? मग आधी तिचा देठ बघा

ड्रॉइंग येतं आणि नदीसाठीही काहीतरी करायचंय, म्हणून कला आणि विज्ञान जोडून जलपर्णीवर काम करू, असं म्हणणारी बरीच पोरं भेटतात. पुण्यात असाल तर मुळा-मुठेवर, पवनेवर जलपर्णी बघितलीच असणार, पाण्यावर हिरवा थर धरणारं तरंगतं तण ते हेच.

यातला मोठा सापळा म्हणजे टोपल्या. देठ वाळवून टोपल्या, पर्स होतात, हातकागद होतो, प्रदर्शनात कौतुक होतं आणि वाटतं झालं, कला आणि विज्ञान जुळलं. मी बराच काळ त्यातच अडकून होते, म्हणून नीट सांगते. विणायला लांब, सडपातळ देठ लागतो, आणि तो मिळतो जिथे झाडं एकमेकांना खेटून उभी असतात तिथे, म्हणजे थराच्या मधे. कडेला मोकळ्या पाण्यालगत जी रोपं असतात त्यांचे देठ आखूड आणि फुगीर, आत नुसती हवा, विणायला काही उपयोग नाही. पण आडवे फुटवे टाकत पुढे सरकतात ती हीच. म्हणजे आपण मधलं काढतो, कड तशीच राहते, आणि मधे मोकळ्या झालेल्या पाण्यात परत फुगीर रोपं! त्यात झाडात ९० टक्क्यांच्या वर पाणीच, ट्रॉलीभर काढलं तरी वाळल्यावर हातात थोडंसंच उरतं. टोपल्या जरूर करा, बचत गटांना काम मिळतं ते चांगलंच आहे, फक्त त्याला नियंत्रण म्हणू नका.

कला खरी कामाला येते ती बघण्यात. पुलावरची एक जागा ठरवा, दर आठवड्याला तिथूनच नदीच्या त्याच पट्ट्याचं चित्र काढा, फुगीर देठांची कड कुठल्या खांबापर्यंत आलीय ते रंगाने दाखवा. देठाचा उभा छेद काढा, शेजारी स्केल द्या. पानावर खरवडल्यासारखे बारीक डाग दिसले तर तेही चित्रात दाखवा, ते बहुतेक निओकेटिना भुंगेऱ्यांचे असतात, जलपर्णी खावी म्हणून १९८० च्या दशकात मुद्दाम भारतात आणलेले. ते असतील तिथे तणनाशकाची घाई नको. फोटोवरून घरी ट्रेस करणं मला अजिबात पटत नाही, फोटोत देठ पानांखाली लपतो. आणि अभ्यासासाठी गाईड निवडताना त्यांचे शोधनिबंध किती ते नंतर बघा, गमबूट घालून चिखलात उतरतात का ते आधी विचारा.

चित्र सुंदर येत नाही म्हणून घाबरू नका, माप बरोबर असलं की पुरे. पण जलपर्णी संपेल या आशेवर येऊ नका, सांडपाण्यातून नायट्रोजन-फॉस्फरस येतोय तोवर ती येणारच, आणि बिया गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतात. काढलेला ढीग काठावर ठेवला तर पहिल्या पुरात परत नदीत. अशा पाण्यातली झाडं जड धातू शोषतात, तपासल्याशिवाय त्यांचं खत भाजीला घालू नका.

आणि तुमचा रिपोर्ट जलपर्णी काढणाऱ्या ठेकेदाराचा मुकादम वाचणार नाही, पण रंगवलेली कड दाखवली की कुठून सुरुवात करायची ते त्याला लगेच कळतं. म्हणून ते चित्र पाऊस सुरू व्हायच्या बरंच आधी, पाणी संथ असतानाच त्याच्या हातात द्या.