जोझियान बालास्को यांच्यावरील टिपण कसे लिहावे

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीच्या वाचनालयात फ्रेंच विनोदी अभिनेत्री जोझियान बालास्को यांच्यावर बोलायचे असल्यास १९५० मधील पॅरिसमधला जन्म एका वाक्यात उरकावा आणि ‘स्प्लेंदिद’ या नाट्यमंडळीवर रेंगाळावे. स्वतः लिहून स्वतःच रंगवण्याची ती रीत सीमाभागातील हौशी रंगकर्मींना परकी वाटणार नाही. ‘ले ब्रोंझे’ (१९७८) या चित्रपटाचा उल्लेख पुरे. माझ्या मते खरे सामर्थ्य दिसते ते १९८९ च्या ‘त्रो बेल पूर त्वा’ या चित्रपटात, कारण देखण्या पत्नीला सोडून नवरा जिच्यात गुंततो ती साधीसुधी सेक्रेटरी त्यांनी साकारली. पुढे १९९५ च्या, स्वतः दिग्दर्शित केलेल्या चित्रपटाच्या पटकथेसाठी त्यांना सेझार हा फ्रेंच चित्रपट पुरस्कार विभागून मिळाला. प्रवेश दाखवण्यापूर्वी मराठीत प्रसंग सांगावा, अन्यथा उपशीर्षके वाचेपर्यंत हशाची वेळ टळते.