तान्ह्या लेकराच्या छातीत गाठ, दूध किंवा रक्त दिसलं तर काय करावं?

लेकरू आठ-दहा दिवसांचं झालं की न्हाऊ घालणारी बाई म्हणते, "छातीत दूध साठलंय, पिळून काढावं लागंल." मराठवाड्यातल्या कित्येक घरांत हे अजून चालतं. सगळ्यात आधी ते थांबवा.

पोटात असताना आईची संप्रेरकं बाळापर्यंत पोचलेली असतात. त्यामुळे पहिल्या आठवड्यात स्तनाग्रामागे सुपारीएवढी गाठ लागते, कधी पांढरा थेंबही येतो. मुलगा असो की मुलगी. बहुतेकदा काही आठवड्यांत हे आपोआप ओसरतं. मुलींमध्ये काही महिने रेंगाळतं. औषध लागत नाही. पिळलं की दूध आणखी येतं, शिवाय जंतूंना आत शिरायला वाट मिळते.

रोज बघायचं ते तेल लावण्याआधी, उजेडात. दोन्ही बाजू सारख्या आहेत का? कातडी लाल दिसते का, हाताच्या पाठीला गरम लागते का, बोट टेकवताच लेकरू कळवळतं का? शंका आली तर आशाताईंना झबलं काढून दाखवा.

एकच बाजू लाल, गरम नि टणक झाली, पू आला, ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला किंवा लेकरू दूध ओढेना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तापाचं औषध पाजून रात्र काढू नका, शेक-लेपही नको. गाडी नसेल तर १०८ लावा. मोठा उपचार लागला तर संभाजीनगरला घाटी, म्हणजे मोठा सरकारी दवाखाना, आहे. हा संसर्ग बहुधा स्टॅफिलोकोकस ऑरियस या जंतूचा असतो. डॉक्टर रक्त आणि पू तपासतात, गरजेप्रमाणे सोनोग्राफी करतात, शिरेतून अँटिबायोटिक देतात. पू साठला असेल तर सुईने काढतात. मुलीच्या बाबतीत उशीर महागात पडतो. पुढे वाढणाऱ्या स्तनाची कळी तिथेच असते. ती खराब झाली तर वयात येताना ती बाजू लहान राहू शकते.

झबल्यावर रक्ताचा डाग दिसला की घरातले सगळे हादरतात, पण इतक्या लहान वयात त्यामागे बहुतेकदा दुधाची नळी फुगलेली असते. कर्करोग अत्यंत दुर्मिळ. डागाचा फोटो काढून ठेवा आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ते स्राव तपासतील, सोनोग्राफी सांगतील, कधी संप्रेरकांसाठी रक्तही. बहुतेक लेकरांत हे रक्त काही महिन्यांत आपोआप थांबतं. "गाठ काढून टाकू" असं कुणी लगेच म्हणालं, तर आधी लहान मुलांच्या सर्जनचं मत घ्या. त्या गाठीबरोबर कळीही निघून जाऊ शकते.